बाकी युक्लिडची, भागाकार भास्कराचार्यांचे

८०५१ आणि ८६३३ यांचा मसावि काढायला सांगितला, की शाळेत गणित शिकलेला माणूस आधी मूळ अवयव पाडायला बसतो. २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५ चा प्रश्नच नाही. ७ ने बघू, ११ ने बघू. ८०५१ ला निःशेष भागणारी सर्वांत लहान मूळ संख्या आहे ८३, म्हणजे मूळ संख्यांच्या रांगेतली तेविसावी. तिथवर पोचेपर्यंत कागदाची एक बाजू भरते. मग ८६३३ साठी तोच खटाटोप पुन्हा.

दुसरी वाट अशी. मोठ्या संख्येतून लहान वजा करा, उरतात ५८२. ८०५१ ला ५८२ ने भागा: भागाकार १३, बाकी ४८५. ५८२ ला ४८५ ने भागा: भागाकार १, बाकी ९७. ४८५ ला ९७ ने भागा: भागाकार ५, बाकी शून्य. मसावि ९७. चार ओळींत काम झालं, आणि ८०५१ चे अवयव कोणते, ८६३३ चे कोणते, हे या चार ओळींना शेवटपर्यंत ठाऊक नाही.

हे ठाऊक नसणं हाच या पद्धतीचा प्राण आहे. दोघांत सामाईक काय, हे शोधायला आपण एकेकाला वेगळं घेऊन त्याची चिरफाड करू पाहतो. ही पद्धत तसं काही करत नाही. ती दोन संख्या शेजारीशेजारी ठेवते आणि त्यांच्यातला फरक विचारते. जे दोघांना निःशेष भागतं ते त्यांच्या फरकालाही भागणारच. तेव्हा जे हवं आहे ते फरकात शाबूत आहे, आणि फरक मोठ्या संख्येपेक्षा लहान आहे. मग मोठी संख्या सोडून द्यायची, फरक जवळ करायचा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं हे 'एलिमेंट्स'च्या सातव्या पुस्तकात, अगदी पहिल्या दोन विधानांत मांडलं. गणितातलं जे थोडं लेखन मी कवितेसारखं सावकाश वाचतो, त्यात सातव्या पुस्तकातलं दुसरं विधान येतं. त्यात एकही आकडा नाही. संख्या रेषाखंडांनी दाखवल्या आहेत: एक कख, दुसरी तिच्याहून लहान गघ. लहान खंड मोठ्यावर पुन्हा पुन्हा ठेवत जायचा. नेमका पुरा बसला, तर लहान संख्येनं मोठीला 'मोजलं' आणि तीच सर्वांत मोठी सामाईक मोजणी. तिच्याहून मोठी संख्या तिलाच मोजू शकणार नाही. हे एका वाक्यात आटपून युक्लिड खऱ्या प्रश्नाकडे वळतो. पुरा बसला नाही तर?

गघनं कखचा मोठा भाग मोजला आणि थोडं उरलं. या उरलेल्यानं गघचा मोठा भाग मोजला आणि आणखी थोडं उरलं. या दुसऱ्या उरलेल्यानं पहिलं उरलेलं नेमकं मोजलं. इथे तो थांबतो. खरं तर पायऱ्या तीन असतील किंवा तीनशे. 'अशा कितीही पायऱ्या' लिहिण्याची सोय त्याच्या लेखनपद्धतीत नव्हती. त्यानं तीन पायऱ्या दाखवल्या आणि तीन अशा निवडल्या, की सिद्धतेला लागणारा प्रत्येक दुवा त्यांत एकदा तरी यावा. आजचे काही वाचक यात उणीव काढतात. मला ती काटकसर वाटते. तीन पायऱ्यांत समजलेल्याला तीनशे पायऱ्यांत नवं काही सापडत नाही.

पुढची सिद्धता दोन हालचालींची आहे आणि तिचा डौल आरोह-अवरोहाचा आहे. आधी खालून वर. शेवटची बाकी पहिल्या बाकीला मोजते. पहिली बाकी गघच्या मोजलेल्या भागाला मोजते, म्हणून शेवटची बाकीही त्या भागाला मोजते. ती स्वतःलाही मोजतेच, म्हणून अख्ख्या गघला मोजते. गघ कखच्या मोजलेल्या भागाला मोजते, म्हणून शेवटची बाकी त्यालाही मोजते. पहिल्या बाकीलाही मोजत होतीच, म्हणून अख्ख्या कखला मोजते. वर पोचलो: शेवटची बाकी दोघांचीही मोजणी आहे. आता वरून खाली. समजा हिच्याहून मोठी एखादी संख्या दोघांना मोजते. मग ती कखच्या मोजलेल्या भागाला मोजेल, म्हणून उरलेल्यालाही. गघच्या मोजलेल्या भागाला मोजेल, म्हणून दुसऱ्या उरलेल्यालाही. म्हणजे मोठी संख्या लहान संख्येला मोजेल, आणि ते अशक्य.

चढताना प्रत्येक पायरीवर बेरीज आहे, उतरताना त्याच पायऱ्यांवर वजाबाकी. एका हालचालीनं 'सामाईक' सिद्ध होतं, दुसरीनं 'सर्वांत मोठी'. एकही पायरी वाया जात नाही आणि कुठलीही बाहेरून आणलेली नाही. मूळ संख्यांचा उल्लेखही लागलेला नाही; प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच रीतीनं पडतात, या मोठ्या सत्याचा आधारही घेतलेला नाही. उलट ते सत्य सिद्ध करायला जे लागतं, त्याची बीजं सातव्या पुस्तकात याच दोन विधानांतून पुढे फुटतात. शाळेत आपण क्रम फिरवतो: आधी मूळ अवयव, मग मसावि. पाया कुठला आणि मजला कुठला, ही युक्लिडची जाण आपल्यापेक्षा पक्की होती.

विधान संपल्यावर तो एक ओळ जोडतो, आणि घाईच्या वाचकाच्या नजरेतून ती सुटते. दोन संख्यांना जी कुठली संख्या मोजते, ती त्यांच्या महत्तम मोजणीलाही मोजते. म्हणजे मसावि नुसता आकारानं मोठा नाही. बाकीचे सगळे सामाईक विभाजक त्याच्या पोटात आहेत. ३६ आणि ६० चा मसावि १२; सामाईक विभाजक १, २, ३, ४, ६, १२, आणि हे सगळे १२ चेच विभाजक. उतरणाऱ्या सिद्धतेत हे आधीच येऊन गेलं होतं. युक्लिडनं ते ओळखलं आणि वेगळं नोंदवून ठेवलं.

एकच प्रश्न दोन विधानांत का विभागला, याचंही कारण आहे. त्याच्या लेखी 'एक' ही संख्याच नाही. संख्या म्हणजे एककांचा समुदाय. म्हणून शेवटी एकक उरलं तर दोन संख्या परस्परांशी सहमूळ, हे पहिलं विधान; आणि एकक न उरता संख्या उरली तर दुसरं. आपण १ ला संख्या मानतो म्हणून आपल्याला हे दोन वेळा लिहावं लागत नाही. तरी पहिलं विधान वाचताना एक गोष्ट जाणवते. काहीच सामाईक नसणं, हेही याच कृतीनं, तितक्याच खात्रीनं कळतं. नकार सिद्ध करणं एरवी फार अवघड असतं.

ही कृती थांबते कशावरून? दर पायरीला बाकी आधीपेक्षा लहान होते आणि पूर्ण संख्या कायम लहान होत जाऊ शकत नाहीत. इतकंच. पण रेषाखंडांना हे बंधन नाही, आणि दहाव्या पुस्तकाच्या दुसऱ्या विधानात युक्लिड तेच बोलून दाखवतो: दोन परिमाणांवर हीच आळीपाळीची वजाबाकी करत गेलो आणि ती कधीच संपली नाही, तर त्यांना सामाईक मोजणी नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण घेऊन पाहा. कर्णात बाजू एकदा बसते. उरलेला तुकडा बाजूत दोनदा बसतो. पुढचा तुकडा त्या तुकड्यात दोनदाच बसतो, आणि उरलेल्या जोडीचं गुणोत्तर दर वेळी तेच राहतं. शेवट नाही. संपली तर मसावि देणारी आणि न संपली तर अपरिमेय संख्या दाखवणारी, अशी दुसरी कृती मला माहीत नाही.

चीनमधल्या 'नऊ प्रकरणां'च्या गणितग्रंथातही ही वजाबाकी आहे. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ४९/९१ हा अपूर्णांक संक्षिप्त करायचा आहे. आळीपाळीनं वजा करत जा, दोन्ही सारखे होईपर्यंत: ४९ आणि ४२, ७ आणि ४२, शेवटी ७ आणि ७. उत्तर ७/१३. तिथे सिद्धता नाही, कृती आहे, आणि ती स्वच्छ आहे.

भारतात हा धागा वेगळ्या गरजेतून पुढे आला, आणि माझ्या मते या कृतीचा दुसरा अर्धा भाग इथे उजेडात आला. ४९९ साली लिहिलेल्या 'आर्यभटीया'तल्या गणितपादाचे शेवटचे दोन श्लोक कुट्टकाचे आहेत. प्रश्न असा: एका संख्येला एका भाजकानं भागलं तर अमुक बाकी, दुसऱ्यानं भागलं तर तमुक बाकी, संख्या कोणती? ग्रहांची आवर्तनं आणि युगारंभापासून गेलेले दिवस यांचे हिशेब करणाऱ्या ज्योतिषाला हा प्रश्न रोजचा. आर्यभटानं उत्तरासाठी परस्पर भागाकाराचीच कृती वापरली. पण युक्लिडची नजर बाकीवर होती, आर्यभटाची भागाकारांवर. युक्लिडला गघ कखमध्ये किती वेळा बसली, याच्याशी काही देणंघेणं नाही. ती गणती तो सोडून देतो. कुट्टकात ती गणतीच जपून ठेवायची असते.

हे उत्तम पाहायचं तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त. ११५० सालचा हा ग्रंथ. त्यातलं कुट्टकाचं प्रकरण त्यांच्याच 'बीजगणिता'तही जवळजवळ तसंच्या तसं येतं. पहिलं उदाहरण असं: २२१ ला अशा संख्येनं गुणा, की गुणाकारात ६५ मिळवले तर १९५ ने निःशेष भाग जावा. २२१ हा भाज्य, १९५ हा हार, ६५ हा क्षेप.

आकड्यांची निवड पाहा. २२१ ही दिसायला मूळ संख्या वाटते. २, ३, ५, ७, ११ कशानंच तिला भाग जात नाही. परस्पर भागाकार मात्र लगेच बोलतो: २२१ भागिले १९५, बाकी २६, १९५ भागिले २६, बाकी १३, २६ भागिले १३, बाकी शून्य. मसावि १३. आता क्षेपाकडे पाहायचं. ६५ ला १३ ने भाग जातो का? जातो. गेला नसता तर भास्कराचार्यांचा नियम सांगतो, की उदाहरणच दुष्ट आहे, त्याला उत्तर नाही. म्हणजे प्रश्न सोडवायला घेण्याआधी तो सुटण्यासारखा आहे की नाही, याचा निवाडा मसावि करतो. उत्तर असणं आणि उत्तर काढणं या दोन गोष्टी इतक्या नेमक्या वेगळ्या करणारा नियम बाराव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकात आहे.

तिन्ही संख्यांना १३ ने भागून घ्यायचं: १७, १५ आणि ५. यांना म्हणायचं दृढ. पुन्हा परस्पर भागाकार: १७ भागिले १५, भागाकार १, बाकी २, १५ भागिले २, भागाकार ७, बाकी १. बाकी १ आली, थांबायचं. आता भागाकार एकाखाली एक लिहायचे, त्यांच्याखाली क्षेप, सर्वांत खाली शून्य. ही वल्ली झाली: १, ७, ५, ०.

वल्ली खालून चढायची असते. शेवटून दुसरा अंक ५. त्यानं वरच्या ७ ला गुणा, ३५. खालचं शून्य मिळवा, ३५. शून्य पुसून टाका. उरले १, ३५, ५. आता ३५ नं वरच्या १ ला गुणा, ३५. खालचे ५ मिळवा, ४०. ते ५ पुसा. उरले ४० आणि ३५. ४० मधून १७ जितक्या वेळा जातील तितक्या वेळा काढा, ६ राहतात. ३५ मधून १५ काढत जा, ५ राहतात. गुण (गुणणारी संख्या) ५, लब्धी (येणारा भागाकार) ६. पडताळा: २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, अधिक ६५ म्हणजे ११७०, १९५ गुणिले ६ म्हणजे ११७०. दुसरं उत्तर हवं असेल तर गुणात १५ आणि लब्धीत १७ मिळवा: २० आणि २३. अशी उत्तरं हवी तितकी. भागाकारांची संख्या विषम असेल तर शेवटी एक वजाबाकी करावी लागते. तोही नियम दिला आहे.

पाटीवर हे एकदा करून पाहावं. अंक लिहिला, गुणला, मिळवला, पुसला. स्तंभ दर वेळी एका अंकानं आखूड होतो आणि शेवटी दोनच अंक उरतात, ज्यांत उत्तर आहे. युक्लिडनं सिद्धतेत जी चढण चढून दाखवली, तीच चढण भास्कराचार्य आकड्यांनी चढतात. बाकी खाली उतरत गेली तेव्हा भागाकार मागे राहिले होते. परत वर जायला तेच पुरतात.

पहिल्या उदाहरणातले भागाकार १, १३, १, ५ होते. ते जपले असतील तर ९७ पासून मागे जाता येतं: ९७ म्हणजे ५८२ वजा ४८५, ४८५ म्हणजे ८०५१ वजा १३ वेळा ५८२, म्हणून ९७ म्हणजे १४ वेळा ५८२ वजा ८०५१, आणि ५८२ हा मूळ दोघांचा फरक. शेवटी हाती येतं: १४ गुणिले ८६३३ वजा १५ गुणिले ८०५१, बरोबर ९७. मसावि हा दोन संख्यांच्या पटींचा फरक म्हणून नेहमीच लिहिता येतो. युरोपात बाशेनं हे १६२४ मध्ये छापलं. आर्यभटाच्या दोन श्लोकांत त्याचं सगळं साहित्य होतं.

महाराष्ट्राला या परंपरेचा एक शिलालेख लाभला आहे. चाळीसगावजवळ पाटणे इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि त्याला मिळालेल्या दानाची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभी दगडावर कोरली गेली. पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी फार थोडे त्याची चौकशी करतात. केली पाहिजे.

या कृतीचा वेग मोजायला मात्र १८४४ साल उजाडावं लागलं. फ्रान्सच्या गाब्रिएल लामेनं सिद्ध केलं, की लहान संख्येत जितके अंक असतील त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या जोड्या म्हणजे १, २, ३, ५, ८, १३, २१ या ओळीतल्या शेजारच्या संख्या, कारण तिथे जवळपास प्रत्येक भागाकार १ येतो आणि बाकी शक्य तितकी हळू घटते. १३ आणि ८ ला पाच भागाकार लागतात. हीच ओळ बाराव्या शतकात हेमचंद्रांनी मात्रावृत्तांतल्या लघु-गुरूंच्या रचना मोजताना दिली होती.

लामेच्या सिद्धांताचा खरा अर्थ आजच्या संगणकाच्या कुलपांत कळतो. बँकेच्या व्यवहारांत वापरली जाणारी आरएसए पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार ६१७ अंकी असेल तर त्याचे अवयव पाडणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेर आहे. पण अशा दोन गुणाकारांचा मसावि काढायचा असेल, तर जास्तीत जास्त ३०८५ भागाकार. संगणकाला क्षणाचं काम. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या, म्हणजे असेच गुणाकार, गोळा करून त्यांचे आपसांत मसावि काढले. काही उपकरणांनी मूळ संख्या निवडताना पुरेशी यादृच्छिकता ठेवली नव्हती, त्यामुळे निरनिराळ्या किल्ल्यांत एकच मूळ संख्या शिरली होती. हजारो कुलपं उघडली. एकटी किल्ली घेऊन वर्षानुवर्षं बसलं तरी ती फुटली नसती. शेजारी दुसरी ठेवल्याबरोबर दोघींचं गुपित बाहेर आलं. आणि ही कुलपं मुळात बनवताना खाजगी किल्ली काढली जाते ती मागे चढत जाण्याच्या कृतीनं, म्हणजे कुट्टकाच्या वाटेनं.

इतकं सगळं ज्या चार ओळींत आहे, त्या शाळेत 'भागाकार पद्धत' म्हणून, बहुधा मूळ अवयवांच्या मागून शिकवल्या जातात, आणि का चालतात हे सांगायला वेळ उरत नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे, की ही पद्धत आधी शिकवा, आणि फरकालाही तोच विभाजक भागतो, हे मुलांकडून लहान आकड्यांवर वदवून घ्या. सहावी-सातवीतल्या मुलाला एवढी सिद्धता सहज पेलते.

आणि वाचकांनी कुठल्याही दोन पाच अंकी संख्या लिहून भागायला सुरुवात करावी. पंचवीस भागाकारांच्या आत काम संपतं, बहुधा दहाच्या आसपास. दहांतून सुमारे सहा वेळा शेवटची बाकी १ येईल. उरलेल्या वेळी काही ना काही सामाईक सापडेल. भागाकार तेवढे पुसू नका, बाजूला एकाखाली एक लिहीत जा.